नानांची ओळ

परळच्या चाळीत भीमजयंतीला मोठा पडदा लावून व्हिडिओ चालवायचं काम प्रफुल्लचं. कामाला चोख, पण डोकं तापलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. यंदा तर ते सकाळपासूनच तापलं होतं.

कारण होत्या कौसल्याबाई. स्टेजवर त्या गाण्याची ओळ सोडायच्या, हात वर करायच्या आणि मागून त्यांचे यजमान, नाना, ती उचलायचे. जन्म त्यातच गेला. गेल्या पावसाळ्यात नाना गेले आणि बाईंनी गाणंच टाकलं. प्रफुल्लने एका जुन्या व्हिडिओ रेकॉर्डिंगमधून नानांची एकेक ओळ कापून तिची वेगळी क्लिप केली, तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. तेही अट घालून: "नाना मधेच अडकले तर मी माइक ठेवीन. परत धरायची नाही."

तालमीत नेमके ते अडकलेच. हार्ड डिस्कवरून क्लिप उघडेपर्यंत नाना तोंड वासून गोठलेले. बिचारीला बघवेना. मग प्रफुल्लने सगळ्या ओळी आधीच कॉम्प्युटरच्या मेमरीत भरून ठेवल्या, म्हणजे बटण दाबताच आवाज यावा. जागा पुरेना, तसा त्याने पाहुण्या पुढाऱ्याचा शुभेच्छांचा व्हिडिओ उडवला.

"अरे, साहेब समोर बसणारेत," मंडळाचा भिवा कळवळला.

"बसू दे ना. नाना आधी."

संध्याकाळी बाईंनी पहिली ओळ सोडली, हात वर केला. प्रफुल्लने बटण दाबलं आणि नाना तत्क्षणी गायले. बाई दचकल्या. पुढची ओळ चुकली, माइक छातीपर्यंत खाली आला.

प्रफुल्लने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मशीन तर मख्खनसारखं चाललं होतं, मग बिघडलं कुठे? आणि त्याला आठवलं, नाना असे झटकन कधी उचलायचेच नाहीत. मुद्दाम थांबायचे, बायकोला ताटकळत ठेवायचे. तेवढा तोरा त्यांनी आयुष्यभर मिरवला.

बाईंनी कशीबशी दुसरी ओळ पुरी केली, हात वर केला. प्रफुल्लने बोट बटणावर तसंच धरलं. पडद्यावर नाना गप्प. ढोलकीवाला नुसता ठेका धरून राहिला.

"दाब ना. परत अडकलं काय?" भिवा कानाशी खेकसला.

चुकलो तर ही बाई पुन्हा गाणार नाही, हे प्रफुल्लला पक्कं ठाऊक होतं. तरी तो हलला नाही.

कौसल्याबाई पडद्याकडे वळल्या. त्यांच्या कपाळावर आठी चढली. भर माइकमध्ये, अख्ख्या चाळीसमोर त्या करवादल्या, "अहो, उचला की."

प्रफुल्लने बटण दाबलं.