थंडीत आखडलेलं रेक्झिन

गाडीची सीट कव्हरं घरी शिवणाऱ्यांनो, आज दुकानात काय झालं ते ऐका.

मी बल्लारपुरात अब्बांचं सीट कव्हरचं दुकान चालवते. सकाळी कोरपन्याचे एक भाऊ जुनी व्हॅन घेऊन आले. सोबत त्यांची बायको. तिनं घरच्या मशीनवर रेक्झिनची कव्हरं शिवली होती, पण ती सीटवर चढतच नव्हती.

"ताई, हे बसूनच नाई राह्यले. फेकून द्या, नवीन शिवा," भाऊ म्हणाले. ती उरलेल्या रेक्झिनची पिशवी धरून बाजूला उभी.

मी एक कव्हर उलटं करून पाहिलं. माप बरोबर, शिलाई सरळ. दोष थंडीचा! गारठ्यात रेक्झिन आखडतं अन् आपण ते उगाच ओढत बसतो. त्यात लाईट गेलेली, म्हणजे रेक्झिन गरम करायची माझी हीट गनही बंद.

मग कव्हरं टिनाच्या छपरावर उन्हात टाकली. ज्या उन्हाला आपण उन्हाळाभर शिव्या देतो, त्यानंच दुपारपर्यंत रेक्झिन मऊ केलं. सीटच्या फोमवर पातळ पॉलिथिन गुंडाळलं, म्हणजे कव्हर सरकतं. आधी वरचे कोपरे बसवले, मग आम्ही दोघींनी खाली ओढलं. एक सुरकुती नाही!

"मले वाटलं, हिले जमलंच नाई," भाऊ सीटवर हात फिरवत म्हणाले.

मी तिला विचारलं, "लग्नसराईत माझ्यासाठी घरून शिवून द्याल का?"

"देईन ना. पण कव्हर आणाले-न्याले हेच गाडी अन् हेच ड्रायव्हर लागन."

तुमच्या घरी कोणाचं काम फेकायला काढलंय? आधी जरा उन्हात ठेवून पाहता का?