रूपाबाईंचा बिनकिल्लीचा ट्रॅक्टर

देव अर्धेच घासून झाले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि घंटा चिंचेनं लख्ख होऊन ताम्हनात बसली होती. विठ्ठल-रखुमाई, समई आणि निरांजन अजून काळीच पाटावर होती. दुसऱ्या दिवशी एकादशी. सासूबाई होत्या तेव्हापासून हे काम दशमीला सूर्य उगवायच्या आत उरकायचं, असा आमच्या घरचा नेम. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई, रूपाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर आणि पायात भावजींचे जुने बूट.

"चल मंजुषा. धनसिंग फाट्यावर थांबलाय."

मी म्हटलं, एवढे चार देव घासून घेते. त्या म्हणाल्या, "देव काय पळून जाऊन राहिले का? टॅक्टर जाईल."

मी हात धुतले आणि निघाले.

रूपाबाईंचं वय बावन्न. शाळा तिसरीपर्यंत. साडेतीन एकर वावर, नरसीपासून चार किलोमीटरवर, आमच्या बांधाला लागून. त्यांचे मालक म्हणजे माझे थोरले दीर, संतराम भावजी. माणूस गंगेसारखा. आयुष्यात कुणाला वाकडा शब्द नाही. पण कोणत्याही गावात सप्ताह बसला की वीणा यांच्या गळ्यात. मी स्वतः माळकरी आहे, त्यांच्या भक्तीला नावं ठेवायचा माझा अधिकार नाही आणि ठेवतही नाही. तरी जे खरं ते लिहिते. लेकीचं लग्न झालं त्याला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून पेरणी, खुरपणी, हळदीची काढणी, शिजवण, मोंढा, सगळं रूपाबाई बघतात. भावजी वावरात येतात ते वेळा अमावस्येला, जेवायला.

बैलांनी खोल नांगरट होईना झाली तशा त्या भाड्यानं ट्रॅक्टर सांगू लागल्या. जवळचा ट्रॅक्टर धनसिंगचा, शेजारच्या तांड्यावरचा. माणूस वाईट नाही. पण त्याची एक रीत आहे, मोठं वावर आधी. रूपाबाईंचं रान कोपऱ्यात, वाट अरुंद, त्यामुळं त्यांचा नंबर दरसाल सगळ्यांच्या शेवटी. गेल्या वर्षी नांगर आला तो मृग तोंडावर आल्यावर. ढेकळं तापलीच नाहीत, हळदीचं बेणं उशिरा लागलं आणि निम्मे कंद जमिनीतच सडले. यंदा होळीच्या दिवशी त्यांनी मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत धनसिंगला सांगून टाकलं की माझ्या वावरात येऊ नको, माझं मी बघते. सगळ्या गावानं ऐकलं. पाडव्याला बैल विकले आणि आखाडा बाळापूरच्या पलीकडं एका गावात दोन वर्षं उभा असलेला जुना ट्रॅक्टर ठरवला. इंजिन चांगलं आहे, उभं राहून आखडलंय, घरी आणा मी चालू करून देतो, असं आमच्या गावचा मिस्त्री वैजनाथ बघून येऊन म्हणाला होता.

आता तो घरी आला आणि चालला तर ठीक. नाही तर त्याच धनसिंगच्या दारात परत हात जोडून उभं राहायचं. रूपाबाईंना भीती होती ती एवढीच, आणि ती मला ठाऊक होती.

आणि ओढून आणायलाही धनसिंगच लागला. चैत्राच्या उन्हात साठेक किलोमीटर टोचन करून आणायला दुसरं कुणी तयार होईना. त्यानं मात्र लगेच हो म्हटलं. "गिऱ्हाईक सोडून चाललंय," म्हणाला, "पोचवून तरी यावं."

मला नेलं ते कागद वाचायला, आणि दिवसभर परक्या माणसाबरोबर एकट्या बाईनं कसं जायचं म्हणून. धनसिंगच्या ट्रॅक्टरच्या दोन मडगार्डांवर दोघी बसलो. हिंगोली मागं पडेपर्यंतच माझी कंबर गेली. जप करावा म्हटलं तर दर खड्ड्याला माळेतला मणी निसटायचा. शेवटी माळ पिशवीत ठेवली.

तिकडं पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. ट्रॅक्टरचा मालक भागवत म्हणून होता. त्याचं दुकान नांदेडला, शेती बटईनं दिलेली. त्याला परत जायची घाई होती. ट्रॅक्टर लिंबाच्या झाडाखाली, लाल रंग उन्हानं विटून विटेसारखा झालेला. रूपाबाईंनी रेडिएटरवर हात ठेवला, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ काढलाच नाही. मी चिंधीनं ग्रीस पुसून इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एक एक आकडा मोठ्यानं वाचला, भागवतनं कागदावर ताडला. सह्या झाल्या.

मग घरातून त्याची आई आली. सखुबाई. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, हातात ताट. तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, भाकरीवर गूळ ठेवून ती भाकरी पुढच्या चाकाजवळ ठेवली. आणि लेकाच्या हातातली किल्ली काढून घेऊन कमरेला खोचली.

भागवत ओशाळला. "आई, किल्ली त्यांला द्यावी लागती."

"दावं देत असतेत का?"

"ते जनावर न्हाई आई. मशीन हाय."

"तुझ्या बापानं आणलं तवा मीच ओवाळलं याला. सव्वीस वर्षं आपल्या दावणीला व्हता. जाऊ दे म्हणलं, जाऊन राहिला. दावं मातर घरातच राहील."

जनावर विकलं तरी त्याचं दावं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, दिलं तर गोठ्याची बरकत जाते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पण ट्रॅक्टरचं दावं कोणतं, हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. धनसिंग म्हणाला, "मावशी, किल्ली ठेवा आन बॅटरीबी ठेवा. तशीबी ती मेलेलीच हाय." म्हातारी हसली नाही.

खरं सांगायचं तर मीच आधी बोलले. म्हटलं, त्यांचं बरोबर आहे. रूपाबाईंनीही मान हलवली. "राहू द्या. आमी बी बैल इकले तवा दावी घरातच ठेवली." किल्लीचं काय, वैजनाथ वायर जोडून चालू करील. असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि त्यात काही चूक होते आहे असं कुणालाही वाटलं नाही.

साखळी लावली. पुढं धनसिंग, मागं बंद ट्रॅक्टरवर रूपाबाई. बंद ट्रॅक्टरला फक्त वळवायचं आणि पुढचा हळू झाला की ब्रेक दाबायचा, नाही तर त्याच्यावर जाऊन आदळणार. इतकी वर्षं धनसिंगच्या मडगार्डावर बसून त्यांनी नांगरटीवर नजर ठेवली होती, तेवढंच त्यांचं शिक्षण. स्टेअरिंग इतकं जड की दर वळणाला त्या उभ्या राहून अंगाचा भार टाकायच्या. मी शेजारी धरून बसलेली. बोलायला दोघींनाही दम नव्हता.

कळमनुरीच्या अलीकडं रस्त्यावर पोलीस गाड्या तपासत होते. एका जमादारानं हात केला. मी कागद दिले. त्यानं नीट वाचले, खाली वाकून नंबर जुळवले, जुळले. मग विचारलं, किल्ली कुठं आहे.

धनसिंग म्हणाला, "दावं म्हणून ठेवून घेतली साहेब."

जमादाराला वाटलं थट्टा चालली आहे. चेहरा बदलला. आसपासच्या गावांतून महिन्यात दोन ट्रॅक्टर चोरीला गेलेत, चोरीचं वाहन असंच बिनकिल्लीचं ओढत नेतात, आणि हल्ली पुढं बाया बसवतात म्हणजे कुणी अडवत नाही, असं त्यानं ऐकवलं. भागवतला फोन लावायला सांगितला. भागवतचा फोन बंद. जमादार म्हणाला, ट्रॅक्टर बाजूला घ्या, मालक बोलेपर्यंत हलायचं नाही.

बाभळीची सावली होती, म्हणजे नव्हतीच. साडेबारापासून तिथं बसलो. मी चारदा फोन लावला, पाचव्यांदा माझाच फोन बंद पडायला आला. चोर म्हणून बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. येणारे-जाणारे वाकून बघत होते. मी पदर पुढं ओढून घेतला. रूपाबाईंनी नाही ओढला. भाकरी सोडली नाही, पाणीही घेतलं नाही. खूप वेळानं एवढंच म्हणाल्या, "हे हितंच राहिलं तर मला त्याच्याच दारात जावं लागंल गं."

धनसिंग तेवढ्यातच आला. संध्याकाळी त्याला दुसरीकडं नांगरट होती. "काकू, साखळी सोडू का?"

रूपाबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. तो उभा राहिला, चपलेनं माती उकरली, आणि टपरीकडं गेला. मला वाटलं आता हा जाणार. पण तो फोनवर बोलत होता. बाळापूरच्या बाजारात त्याचा कुणी सोयरा, त्या सोयऱ्याच्या ओळखीचा त्या गावचा दूधवाला, त्या दूधवाल्याचं पोरगं सखुबाईच्या गल्लीत. अशी माणसामागून माणसं जोडत त्यानं म्हातारीला फोनवर आणलं. तोवर अडीच वाजले होते. आवाज मोठा करून फोन त्यानं जमादाराच्या हातात दिला.

जमादारानं ट्रॅक्टर कुणाचा म्हणून विचारलं.

"माझा व्हता. आज दिला. किल्ली माझ्या देव्हाऱ्यात हाय. काहून, काय झालं?"

"आजी, किल्लीबिगर गाडी विकत असतेत का?"

"तुज्या घरी बैल व्हते का रं बाबा?"

जमादारानं टोपी मागं सरकवली. मग म्हणाला, "व्हते आजी."

"मंग?"

त्यानं फोन परत दिला. कागदांवरची धूळ झटकून माझ्या हातात दिले आणि सावकाश जा म्हणाला. रूपाबाईंना चढताना गुडघा उचलेना, तेव्हा त्यानंच हात दिला.

हिंगोली ओलांडेपर्यंत ऊन उतरलं. धनसिंगनं नांगरटवाल्याला फोन करून उद्यावर ढकललं. नरसीला मंदिराजवळच्या वळणावर साखळीचा हुक निसटला. भावजी तिथंच होते, सप्ताहात पहाऱ्यावर, गळ्यात वीणा. रस्त्यावर आले. धनसिंग म्हणाला, "बुवा, जरा साखळी धरता का?" पण पहाऱ्यातली वीणा खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय सोडता येत नाही, आणि जवळ दुसरा वारकरी नव्हता. भावजी एका हातानं वीणा सावरत उभे राहिले. रूपाबाईच उतरल्या आणि साखळी धरली. हुक बसल्यावर भावजी म्हणाले, "रंग चांगला हाय."

रूपाबाई म्हणाल्या, "व्हय."

त्या रात्री वहीत लिहायला बसले तेव्हा हेच आधी लिहिलं, आणि पुढं काही सुचेना. देवाचं काम करणाऱ्या माणसाचा राग धरू नये हे मला कळतं. त्या घडीला मला तो आला होता.

दिवेलागणीला ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात उभा राहिला. बघायला गाव जमलं. रूपाबाई ओट्यावर आडव्या झाल्या, बूटही काढले नाहीत. मी काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते.

एकादशीला सकाळी वैजनाथ आला. त्यानं डिझेलचा पंप उघडला, साफ केला, नवी बॅटरी जोडली आणि दोन वायरी एकमेकींना लावल्या. तिसऱ्या वेळी इंजिनानं काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. रूपाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतात, पण त्या धुरानं खोकत होत्या. अंगणात आधीच आणून ठेवलेला लोखंडी नांगर जोडला. वैजनाथनं लिव्हर ओढली. नांगर उचललाच नाही. पुन्हा ओढली. नांगर उचलायच्या लिफ्टमधून तेल गळून खाली सांडलं. दोन वर्षं उभं राहून आतली रबरी सीलं कडक झालीत, ती बदलल्याशिवाय नांगर उचलणार नाही, असं वैजनाथनं सांगितलं आणि हात पुसले.

तेवढ्यात धनसिंग आपल्या ट्रॅक्टरवर आला, मागं नांगर. तेल सांडलेलं त्यानं बघितलं. टोमणा मारला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, तुमचं रान आधी करून देतो. आज पैला नंबर तुमचा. दोन घंट्याचं काम हाय."

मला वाटलं झालं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलंही, की बाई, त्यानं काल दिवस घातला, आपण होऊन आलाय, हो म्हणा. अंग मोडून आलंय तुमचं, रान तापायला लागू द्या, सीलं मागून बसवता येतील. मला अजूनही वाटतं की माझं चुकलं नव्हतं.

रूपाबाई त्याच्याजवळ गेल्या. "धनसिंग, काल तू व्हता म्हणून हे घरी आलं, ते मी इसरनार न्हाई. चहा पिऊन जा. पण आज तू नांगरशील, आन पुढल्या साली मी परत तुझ्या लायनीत शेवटीच."

तो ओट्यावर टेकला. चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि ट्रॅक्टर वळवून गेला. जमलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी भगर निवडायला घरात गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.

थोड्या वेळानं रूपाबाई माझ्या दारावरून गेल्या. टाचांना चिंध्या बांधलेल्या, पायात चपला, हातात वैजनाथनं मापासाठी काढून दिलेलं जुनं सील कागदात गुंडाळलेलं. बाराची गाडी धरून त्या हिंगोलीला चालल्या होत्या, लिफ्टची नवी सीलं आणायला.