उजव्या कोपऱ्यातलं कुत्रं

बन्सीकाकांची नजर चाललीय, हे आमच्या रिक्षा स्टँडवर सगळ्यात आधी खुद्द बन्सीकाकांनीच सांगितलं होतं. चांगलं वर्षभर सांगत होते. फक्त ते पिक्चरवर बोलायलेत असं आम्हाला वाटायचं. वाईट म्हणजे त्यांनाही तसंच वाटायचं.

काका म्हणजे बन्सीधर. परभणी स्टेशन ते जिंतूर रस्त्यावरची खेडी, अशी त्यांची अॅपे रिक्षा चालायची. माझं, म्हणजे हरिओमचं, झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान स्टँडला लागूनच, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि काका जास्त असा माझा धंदा. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की काका रिक्षा लिंबाखाली लावून दुपारच्या शोला टॉकीजात शिरायचे आणि सुटल्यावर सरळ स्टँडवर येऊन निकाल द्यायचे. निकाल रिक्षाच्या भाषेत. "भरून चालली" म्हणजे बघाच. "अर्ध्या सीटा" म्हणजे दुसरं काम नसेल तर जा. आणि "मोकळी गेली, वरून पंक्चर" असं काका म्हणाले की त्या आठवड्यात स्टँडवरचं कुणी टॉकीजकडे फिरकायचं नाही. टॉकीजचा मालक रुद्रेश यावर लय जळायचा.

"काका, तुमी पेपरात कामून लिहीत न्हाई? तिथं निदान कुणी वाचणार तरी न्हाई."

काकांचा खरा राग होता तो आजकालच्या मोठ्या पिक्चरांवर. ज्यात हिरो उडतो, नाहीतर उडत नाही पण बाकी सगळे उडतात.

"आमच्या टायमाला एक माणूस मारायला आर्धा पिक्चर लागायचा," काका म्हणायचे, "पर तो मेला की घरी जेवण जात नव्हतं. आता हिरो निस्तं चालत येतो, मागं आग चालत येती, आन् दोनशे माणसं खलास. एकाचंबी नाव सांगत न्हाईत. आरं, कुणाचे तरी असतील की ते!"

"काका, ते दुनिया वाचवायलेत," मी म्हणायचो.

"कोणती दुनिया? त्या दुनियेत परभणी येती का, ते आधी इचारून घे. आजपतोर एकबी इमारत इकडं पडली न्हाई."

"पाडायला आधी बांधावी लागते, काका."

यावर ते हसायचे, मग परत तापायचे. "आन् मेलेला माणूस पुढच्या भागात जित्ता! का, तर म्हणे हा दुसऱ्या दुनियेतला. मंग मी पहिल्या भागात रडलो कशाला? माझं रडणं वापस करा."

हे सगळं नेहमीचं होतं. पण मागच्या वर्षापासून काकांच्या तक्रारींचा सूर बदलला. एक म्हणजे, अंधार. "लय अंधार करायलेत आजकाल. करोडो रुपये घालायलेत आन् दिव्याला पैसा न्हाई." आम्ही माना डोलावल्या, कारण खरंच होतं. निम्मी मारामारी पावसात आणि रात्री. दुसरं, "माणसं कुठूनबी टपकायलेत. हिरो एकटा उभा हाय म्हणावं, तर धप्पकन बाजूला पाच जण! आधी दावावं की बाबा, येतोय म्हणून." हेही पटलं. तिसऱ्या तक्रारीवर मात्र रुद्रेश भडकला. जन्मभर पुढच्या रांगेत पाय पसरून बसणारे काका हळूहळू मागे सरकत थेट शेवटच्या रांगेत गेले होते आणि म्हणत होते, पडदा जवळून मावत नाही. तूच कापून बारीक केलास का?

"पडदा तेवढाच हाय काका," रुद्रेश म्हणाला. "तुमचं डोकं मोठं झालंय."

त्या वाक्यावर स्टँड आठवडाभर हसलं. मीही हसलो. वाक्य होतंच तसं.

मग उन्हाळ्यात एका सकाळी, भर बाजारात, काकांच्या रिक्षानं नागनाथचा केळीचा गाडा उडवला. गाडा उजवीकडून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मुंगीच्या चालीनं येत होता. नागनाथ बाजूला पडला म्हणून वाचला. मागे बसलेल्या बायकांनी गलका केला. कस्तुराकाकू, म्हणजे काकांची बायको, त्याच रिक्षात पुढे बसली होती, भाजी आणायला निघालेली. काका खाली उतरले, चिरडलेल्या केळ्यांत उभे राहिले आणि अगदी मनापासून चिडून म्हणाले,

"आरं, पर हा कुठून टपकला?"

काकू पिक्चरला कधी जायची नाही. पण वर्षभर जेवताना ती हेच वाक्य ऐकत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पदराला केळ्याचा लगदा लागलेला होता. "हरिओम," ती म्हणाली, "पिक्चर चांगलेच निघायले असतील रे. ह्यांचेच डोळे गेलेत."

डोळ्याच्या दवाखान्यात मी सोबत होतो. काकांना मोतीबिंदूची आशा होती. काढून टाकला की झालं, शेजारच्या म्हाताऱ्यांचे किती तरी निघाले होते. डॉक्टरांनी एका मशीनसमोर बसायला सांगितलं. त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर धरायची, आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मान हलवायची नाही, डोळा हलवायचा नाही. काका बसले आणि ठेका धरल्यासारखं बटण दाबत सुटले. टक, टक, टक.

"काका, दिवा दिसल्यावरच दाबायचं," मशीनवरची मुलगी म्हणाली.

"दिसायलेत की! लय दिसायलेत!"

मशीननं चोरी पकडली. परत बसवलं. या वेळी बटण इतकं कमी वाजलं की मशीन बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा डोकावलो. काकू भिंतीला टेकून सगळं बघत होती.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. उजव्या बाजूचं बरंच गेलंय, डावीकडचं जायला लागलंय. जे गेलं ते परत येत नाही. थेंब घाला, राहिलंय ते जपू. आणि गाडी बंद.

"थोडंबी वापस येत न्हाई?"

"नाही."

"हळूहळू चालवली तर?"

डॉक्टरांनी उत्तर काकूकडे बघून दिलं. काकूनं घरी येऊन रिक्षाची किल्ली पिठाच्या डब्यात तळाशी घातली आणि वर ज्वारीचं पीठ दाबलं.

त्यानंतरचा काकांचा महिना मला सांगवत नाही, पण सांगतो. त्रिफळ्याचं पाणी झालं. गाईचं तूप झालं. कुणी तरी डोळ्यात मध घालायला सांगितलं, तोही घातला, आणि दोन दिवस डोळे लाल करून बसले. माझ्या दुकानासमोर उभं राहून दोन्ही हात आडवे पसरायचे, अंगठे हलवायचे आणि विचारायचे, "माझा हात कुठवर गेलाय रे? मला इथवर दिसायलाय." इथवर म्हणजे नाकासमोर. लोकांना वाटायचं म्हातारा कवायत करतोय. मी नेहमीसारखी थट्टा करायला तोंड उघडलं एकदा, पण काकांच्या कपाळावर घाम होता. मिटलं.

आणि मग तो पिक्चर लागला. उडणाऱ्या माणसाचा तिसरा भाग. त्या हिरोला भिंतीच्या आरपार दिसायचं. "बघ," काका मला म्हणाले, "देवाचा इंतजाम बघ. ह्याला भिंतीपल्याडचं दिसतंय, आन् मला गाड्यावरची केळी न्हाई."

त्या पिक्चरात शेवटाकडे अख्खं शहर कोसळतं. पूल पडतो, धुरळा उठतो, मोठी भिंत ढासळते, मग एकदम सगळं शांत होतं आणि हिरो वरून उतरतो. त्या शांततेत, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एका पायरीवर एक तांबूस कुत्रं बसलेलं आहे. कान खाजवतंय. आजूबाजूला दुनिया बुडतेय आणि ते आपलं खाजवतंय. पहिल्या दिवशी काकांनी मान फिरवून फिरवून पडदा तुकड्या-तुकड्यानं बघितला, त्यात त्यांना ते सापडलं. स्टँडवर येऊन खूप दिवसांनी हसले. "एवढा पैसा लावला, पर कुत्र्याला सांगायचं राहिलं राव, की दुनिया बुडायलीय!"

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मला कळलं काय चाललंय ते. काका शेवटच्या रांगेत बसून हिरोच्या कपाळावर नजर रोवायचे आणि मान न हलवता कुत्रं दिसतंय का, ते बघायचे. दवाखान्यातल्या मशीनचाच खेळ, फक्त इथे चोरी पकडणारं कुणी नव्हतं.

"आज दिसलं," एक दिवस म्हणायचे. "पुसट दिसलं, पर दिसलं." दुसऱ्या दिवशी नुसते रिक्षाच्या सीटवरची धूळ झटकत बसायचे.

घरात भांडण पेटलं ते यावरून. काका म्हणाले, दिसतंय मला, किल्ली दे. काकू म्हणाली, कुत्र्यावरून रिक्षा चालत नसती. काका म्हणाले, मंग कशावरून चालती ते सांग! मी काय करू दिवसभर? भिंतीकडं बघू? तीबी निम्मीच दिसायलीय! हे मी बाहेर चप्पल काढता काढता ऐकलं, आणि चप्पल परत घातली. आतून काकूचा आवाज आला, एकदम हळू. "बरं. मी येते. माझ्यासमोर दिसलं, तर किल्ली देते."

अडचण अशी की दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, आणि शुक्रवारी पिक्चर बदलणार. काका सकाळीच रुद्रेशच्या दारात.

"अजून एक आठवडा ठेव रे."

"काका, रिळं गेली आता. सगळं मुंबईहून चालू-बंद होतं. आज शेवटचा शो संपला की पिक्चर उघडतच न्हाई. किल्लीच नसती माझ्याकडं."

"तुझीबी किल्ली दुसऱ्याकडंच का?" काका म्हणाले.

दुपारच्या शोला आम्ही तिघंच. तिघांसाठी रुद्रेश मशीन लावत नाही, तसं त्यानं तोंडावर सांगितलंही असतं. पण कस्तुराकाकूला, नवं लुगडं नेसून, टॉकीजच्या पायऱ्या जपून चढताना बघितलं आणि तो म्हणाला, "बसा काकू. पंखा कुठं पायजे?"

शेवटची रांग. मधे काका, डावीकडे मी, उजवीकडे काकू. पिक्चर सुरू झाला. काकूनं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "हा उडतो, मंग ह्याला बायकोचं काही टेन्शन न्हाई का?" काका तिला सगळं समजावून सांगत होते, कोण कुणाचा भाऊ, कोण मागच्या भागात मेला होता. आवाजात इतकी खुशी होती की मला त्यांच्याकडे बघवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला शेंगदाणे घेऊन दिले.

पूल पडला. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "आता बघ. भिंत पडंल, मंग चिडीचूप होईल. मी मान हलवणार न्हाई, तू माझ्याकडंच ध्यान दे." आणि त्यांनी हिरोच्या जागी नजर रोवली. त्यांचे ओठ पुटपुटत होते, देवाचं नाव असावं.

भिंत पडली. धुरळा. मग ती शांतता.

कुत्रं आलं. तांबूस, पायरीवर, कान खाजवत. मी ते बघितलं आणि त्याच वेळी काकूचा हात बघितला. तिनं तो उचलून काकांच्या गालाजवळून पुढे धरला होता, डॉक्टर धरतात तसा. बरोब्बर डोळा आणि तो कोपरा यांच्या मधोमध, पंजा उघडा. डोळे चांगले असलेल्या माणसालाही तिथून कुत्रं दिसलं नसतं. दिसला असता तो फक्त हात, काचेच्या बांगड्यांसकट.

"आलं!" काका ओरडले. रिकाम्या टॉकीजात ते घुमलं. "आलं गं! खाजवायलंय! दिसलं मला, चोख दिसलं! दे आता किल्ली."

काकूनं हात खाली घेतला नाही.

"अवो," ती म्हणाली, "हात हाय ना मधी माझा."

"कशाचा हात?"

तिनं हात तसाच धरून मनगट हलवलं. बांगड्या वाजल्या. त्या आवाजाकडे काकांनी मान वळवली, सबंध मान, आणि तेव्हा कुठे त्यांना तो पंजा दिसला, नाकापासून वीतभरावर. धप्पकन. कुठून टपकला, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.  मग त्यांनी तो हात धरला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.

पडद्यावर हिरो दुनिया वाचवत होता, भलत्या आवाजात. कुत्रं कधीच गेलं होतं.

"लय अंधार करायलेत," काका म्हणाले.

"हो ना," काकू म्हणाली. "लय."

पिक्चर अजून बाकी होता. मी उठू का म्हणून काकूकडे बघितलं, तिनं मान हलवली, बस. शेंगदाण्याची पुडी तिच्या मांडीवरून घरंगळली आणि दाणे उतारावरून खाली, पुढच्या रांगांकडे, काकांच्या जुन्या जागेकडे गडगडत गेले. काकांनी ते ऐकले. कुठे जातायत ते बघायला त्यांनी मान फिरवली नाही.