एकशे अठरा नंबरचा पाट

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि बहुतेकांवर माझं एकच मत असतं – झोप कमी झाली असेल. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची वही आहे. दुधाची, औषधांची, कोणाचे डबे परत करायचे त्याचीसुद्धा. भुताखेतांसाठी वही घालायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय, तरी जसं घडलं तसंच लिहिते.

मी धरमपेठेत राहते. घराच्या पुढच्या खोलीत रुखवताच्या वस्तू करून विकते – सुपारीचे नवरा-नवरी, सजवलेले पाट, डाळींच्या रांगोळ्या. हातकाम सगळं वंदनाचं. अकरा वर्षं झाली. तिचा नवरा बुटीबोरीला कारखान्यात कामाला, पण ते काम आज असतं, उद्या नसतं. घर चालतं ते हिच्या बोटांवर. ऑर्डरी घेणं, पॅकिंग आणि पाठवणं माझ्याकडे. सुपारीला मी स्वतः सहा वर्षांत हात लावला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी भाचीनं माझे कान टोचले. "मावशी, मुली आता शब्द टाकून शोधतच नाहीत गं. कोणाच्या तरी लग्नातल्या पाटाचा फोटो काढतात, फोनला दाखवतात आणि असाच कुठं मिळतो ते विचारतात. तुझे फोटो असे अंधारातले असतील तर तू सापडणार कशी?"

पटलं. मग मी पद्धत बसवली. सकाळी अकराला, खिडकीजवळ, मागे पांढरी चादर, कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी. चिठ्ठ्या मी एकदम पन्नास लिहून डब्यात ठेवते. फोटोंच्या ॲपवर टाकताना प्रत्येकाला स्पष्ट नाव – 'सप्तपदीचा पाट, लाल-हिरवा, सुपारीचं जोडपं'. सहा महिन्यांत अमरावतीहून, रायपूरहून विचारणा यायला लागली. मी खूश होते.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका नवऱ्यामुलीचा मेसेज आला. सोबत फोटो. 'काकू, फोनवर फोटोवरून शोधताना तुमच्या पाटांच्या शेजारी हा दिसला. तुमचाच ना? चिठ्ठी तशीच आहे. मला सेम टू सेम पाहिजे.'

सप्तपदीचा पाट होता. सुपारीचं जोडपं, सात पावलं, मधे होम. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात ११८.

माझ्या वहीत शेवटचा नंबर ११७ होता.

तोच फोटो मी माझ्या फोनला दाखवून शोधला. सापडला – एका बिननावाच्या खात्यावर, आणि त्या खात्यावर तेवढा एकच फोटो. मी मोठा करून पाहिला. मागे आमची चादर नव्हती, चौपदरी घडीच्या खुणा असलेला पांढरा कागद होता. म्हणजे आमच्याकडे काढलेला नाही. पाटाच्या उजव्या कोपऱ्यात एकच जरीचं पान चिकटवलेलं, बाकी तीन कोपरे मोकळे – असलं विजोड काम मी खपवून घेतलं नसतं. डबा उघडला. ११८ची चिठ्ठी जागेवर होती. नेऊन परत ठेवली असणार... आणि डब्याला हात लागतो तो दोघींचाच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चोर सापडायच्या आधीच तुझी आरोपांची यादी तयार! अगं, आधी विचार तरी तिला."

विचारलं. वंदनानं चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"चांगला झाला ताई. कोणं केला?"

"तेच तुला विचारतेय."

"मले काहून?"

"आपली चिठ्ठी, आपली पद्धत. घरी केलास, घरीच फोटो काढलास. बाहेर विकतेस का?"

"माह्या घरी?" ती हसलीच. "पाय पसराले जागा नाही तिथं, पाट कुठं मांडू?" मग माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. तिनं फोटो मोठा केला. "हे पहा. नवरीचा शालू उलट्या हातानं गुंडाळला आहे. मी उजवीकडून गुंडाळते. हे माह्या हातचं नाही."

"उलटं गुंडाळायला कितीसा वेळ लागतो?"

तिनं फोन माझ्या हातात परत ठेवला. "अकरा वर्षांत एक सुपारी घरी नेली नाही मी. आता म्हणा काय म्हणायचं ते."

मी म्हटलं – उद्यापासून येऊ नकोस. तिनं आपली कात्री घेतली आणि गेली.

वर्ध्याची ऑर्डर मात्र मी घेऊन बसले होते आणि लग्न तोंडावर आलं होतं. शेवटी मीच बसले. बोटं आखडली होती, तरी फोटो समोर ठेवून चार दिवसांत पाट केला. कोपऱ्यातलं ते पान मुद्दाम गाळलं. पण शेवटच्या दिवशी गरम डिंकाचा थेंब पडून नेमका उजव्या कोपऱ्यातला रंग उडाला. रंगवायला वेळ नव्हता. हाताशी जरीचं पान होतं, ते चिकटवून मोकळी झाले. त्याच धांदलीत डिंकाची वाटी चादरीवर लवंडली. मग त्याच सकाळी गांधीबागेतून आलेल्या लेसच्या पुडक्यातला कार्डशीटचा जाड पांढरा कागद उलगडला, मागे लावला, डब्यातून चिठ्ठी काढली आणि फोटो घेतला. अकरा वाजले होते.

सवयीनं तो फोटोही फोनला दाखवून शोधला... एकच उत्तर आलं. तो जुना फोटो.

दोन्ही शेजारी ठेवले. कागदाच्या घड्या त्याच. पानाचं टोक तसंच जरासं वर उचललेलं. चिठ्ठी तितकीच तिरकी. आणि शालू उलट्या हातानं गुंडाळलेला – मी डावखुरी आहे.

भाची म्हणाली, "इंटरनेटवरची तारीख मागेपुढे करता येते, मावशी." येत असेल. पण त्या मुलीनं फोटो मला पाठवला तो तीन आठवड्यांपूर्वी. तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. तेव्हा हा पाट नव्हता, आणि तो कागद माझ्या घरात आलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वंदनाकडे गेले. ती कोणाच्या तरी साडीला फॉल लावत बसली होती. "बसा ताई." मी सगळं सांगितलं, दोन्ही फोटो दाखवले. तिनं ते एकेक मोठे करून पाहिले.

"म्हणजे हे तुमच्या हातचं."

"हो."

"मंग फोटो आधी कसा आला?"

"नाही माहीत. माझं चुकलं, वंदना."

तिनं फोन परत दिला. "एक सांगा. हे असं इपरीत झालं नसतं, तर आल्या असत्या का तुम्ही?"

उत्तरासाठी ती थांबली नाही, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "च्या ठेवते."

महिन्याभरात ते बिननावाचं खातं दिसेनासं झालं. फोटो कोणी काढला, आधी कसा आला, मलाच का दाखवला – जाणकारांना विचारून झालं, रात्री झोपही पुरेशी होते. उलगडा नाही.

वंदना आता परत येते. काम तसंच सुबक करते, गप्पाही मारते. फक्त संध्याकाळी निघताना पिशवी उघडून माझ्यासमोर धरते. मी म्हणते, "अगं, नको." ती धरून उभी राहते... मी आत पाहीपर्यंत. रोज.