आप्पांनी अंगावर घेतलेली चूक

श्री. सिद्धाप्पा भोई, म्हणजे आपणा सर्वांचे आप्पा, यांची आणि माझी ओळख वादातून झाली. निपाणीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागून मला महिनाही झाला नव्हता. एका रविवारी मासे घ्यायला मी वेदगंगेकाठच्या त्यांच्या गावी गेलो. काठावर आप्पा जाळं झाडत होते. अडकलेले दोन बारके मासे त्यांनी हलकेच सोडवले आणि पाण्यात टाकून दिले. ते मला द्या, पैसे देतो, असं मी म्हणालो. आप्पांनी मान हलवली. मग मी मागणी-पुरवठा वगैरे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि जाळ्याच्या एका घरात आपली चार बोटं घालून दाखवली.

"ह्यातनं जे पार हुतंय ते पुढच्या वर्साचं, सर. त्येला हात लावायचा न्हाय."

हाच त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा नियम. गावातल्या मच्छीमार सोसायटीचे ते कित्येक वर्षं चेअरमन होते. चार बोटांपेक्षा बारीक घराचं जाळं नदीत पडू द्यायचं नाही आणि पावसाळ्यात मासे अंड्यावर असताना होड्या काठावर उलट्या घालून ठेवायच्या, या दोन गोष्टी त्यांनी हट्टाने पाळल्या आणि पाळायला लावल्या. त्या महिन्यांत ते स्वतः दुसऱ्याच्या शेतात तण काढायला, भांगलायला जात. चेअरमन भांगलायला जातो म्हणून लोक हसत. आप्पा ऐकून सोडून देत.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तो दिवस मला अजून आठवतो. माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली, आमची वस्ती कुठली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी सवयीने दाराजवळ बसलो. आप्पा उठले, माझं ताट उचलून आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि आक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, म्हणाले की सरांना मानाचा डोक्याकडचा तुकडा वाढा. त्यानंतर सोसायटीचे कागद मी लिहू लागलो, इंग्रजी कागद मराठीत सांगू लागलो. आप्पांचा माझ्या वाचण्यावर पूर्ण विश्वास बसला. तो बसायला नको होता, असं आज वाटतं.

गौरवग्रंथात लेखकाने स्वतःबद्दल फार बोलू नये, हे मला कळतं. पण आप्पांचं मोठेपण सांगायचं तर माझं खुजेपण सांगावंच लागेल. त्याशिवाय हा लेख खोटा होईल.

एका वर्षी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं पत्रक सोसायटीत आलं. देशादेशांत मुक्त व्यापाराचे करार होत आहेत, बाहेरच्या मासळीवरचं आयात शुल्क उतरणार आहे, छोट्या होडीवाल्यांचा त्यात चुराडा होईल, तेव्हा नदीवरच्यांनीही बेळगावच्या मोर्चात यावं, असं त्यात लिहिलं होतं. आप्पांनी ते माझ्या हातात दिलं. मी दोनदा वाचलं आणि वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं की हे समुद्राचं आहे, आपल्याशी याचा संबंध नाही, उगाच एक दिवसाचा धंदा बुडवू नका.

आप्पांनी पत्रक परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "समुद्रातला मासा बेळगावात ईत न्हाय व्हय, सर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी लांबलचक उत्तर दिलं. आप्पा म्हणाले की तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही म्हणता तर नाही जायचं. आमच्या गावातून मोर्चाला कुणी गेलं नाही.

पुढची चार-पाच वर्षं आप्पांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर बाजार देत राहिला. परदेशातून काटे काढलेली, गोठवलेली मासळी खोक्यांतून येऊ लागली. किनाऱ्यावरच्यांना ज्या मासळीला बाहेर भाव मिळेना, तीही बर्फात घालून ट्रकने इकडे उतरू लागली. बेळगावच्या खासबागेतला एक खानावळवाला वर्षानुवर्षं आप्पांकडून मरळ, वाम अशी नदीची मासळी घेई. त्याने एके दिवशी चहा पाजला आणि संकोचत सांगितलं की गिऱ्हाइकांना आता काटे नको असतात. सगळा दोष करारांचा, असं म्हणणार नाही. नदीचं पाणीही बिघडलं होतं, वाळू उपसून डोह बुजले होते. पण आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं या स्वस्त मासळीने केलं.

भाव पडल्यावर जास्त मासा काढायचा, एवढाच उपाय तरुणांना दिसला. गावात बारीक जाळी आली. त्यातलं एक आप्पांच्या थोरल्या मुलाचं, मारुतीचं होतं. आप्पांनी भर सभेत पहिलं तेच जाळं कापायला घेतलं. मारुतीने अडवलं नाही. तो फक्त उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, मोर्चाला का न्हाय गेलासा? तवा गप बसलासा आणि आता आमची जाळी कापतासा. कुणी गप बसवलंतं तुमास्नी?"

मी आप्पांच्या शेजारीच सभेची वही मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळी सभा उत्तराची वाट बघत होती.

"मला न्हाय वाटलं, म्हणून न्हाय गेलो," आप्पा म्हणाले. "चूक माझी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

आप्पांना कुणीतरी विकत घेतलं होतं, अशी कुजबुज त्या दिवसापासून गावात सुरू झाली. पुढच्या निवडणुकीत त्यांचं चेअरमनपद गेलं. मारुती बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत लागला, वडगावात खोली घेऊन राहिला, आणि बापाशी बोलेनासा झाला. नदीवर आता मोजक्याच होड्या दिसतात.

माफी मागायला मी उशिरा का होईना गेलो. आप्पा उंबऱ्यात बसून जाळं विणत होते, तेच चार बोटांचं. ते कुणासाठी विणता, हे विचारायचा मला धीर झाला नाही. माझं बोलणं त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, "तुमच्यावरचा गावाचा इस्वास उडाला असता तर पोरांचं कागद कुणी वाचलं असतं, सर? माझं काय, मी नदीवरचा माणूस, नदीवरच ऱ्हाणार."

म्हणून आज, त्यांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने, सर्वांसमोर लिहून देतो. मोर्चाला जाऊ नका, हे मी सांगितलं होतं. आप्पांना शंका होती आणि त्यांची शंका खरी होती. त्यांना कुणी विकत घेतलं नव्हतं. एका शिकलेल्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो माणूस चुकला तेव्हा त्याचं नाव सांगितलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी उद्यमबागेत गेलो. पाळी सुटल्यावर फौंड्रीच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मारुतीला इथपर्यंतचा सगळा वाचून दाखवला. त्याच्या हातांना भट्टीची काजळी होती. सभेचा भाग त्याने मला पुन्हा वाचायला लावला. मग हे छापणार का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"लई उशीर केलासा, सर," एवढंच तो म्हणाला, आणि आप्पांची नजर अजून जाळं विणण्याइतकी चांगली आहे का, हे विचारून बसकडे गेला.

समारंभाला तो येईल की नाही, मला माहीत नाही. आप्पांकडे मात्र माझं मागणं आहे की त्यांनी अजून पुष्कळ जगावं, हातीपायी धड राहून, उंबऱ्यात बसून विणत राहावं. आम्ही सगळेच उशीर केलेले लोक आहोत. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी तिथं असावं.