माझं दूध बंद झालं तेव्हा

“आजपासून बाळाला अंगावर पाजायचं नाही. एक थेंबही नाही.”

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझा मुलगा नऊ दिवसांचा होता. त्यांच्या हातात काचेची नळी होती. बाळाची लघवी निळ्या औषधात घालून तापवल्यावर ती विटकरी झाली होती.

शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या माझ्या सख्ख्या आत्या. त्या म्हणाल्या, “मायनं दूध कधी जहर व्हस का, डाक्टर?”

“दूध चांगलंच आहे, आजी. बाळाच्या शरीरात एक एन्झाइम नाही.”

मग त्यांनी समजावलं. एन्झाइम म्हणजे शरीरात काम करणारं प्रथिन. ते एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर करतं आणि स्वतः तसंच राहतं, पुन्हा पुढच्या कामाला मोकळं. दुधातल्या साखरेतून गॅलॅक्टोज नावाची साखर सुटते. ती बदलणारं एन्झाइम आमच्या बाळात नव्हतं. न बदललेली साखर साचून यकृत, डोळे, मेंदू बिघडवत होती. या आजाराला गॅलॅक्टोसेमिया म्हणतात.

मी एवढंच विचारलं, “मग माझी मुलगी?”

आदल्या वर्षी धरणगावला माहेरी मला पहिली मुलगी झाली होती. चौथ्या दिवशी पिवळी पडली, पाजलं की ओकायची. दृष्ट काढली, झाडपाल्याचं औषध दिलं. ती ओढेना, तेव्हा मी वाटीत दूध काढून कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात पिळलं. बाराव्या दिवशी ती गेली. म्हणून हाही पिवळा पडला तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही. ओली बाळंतीण होते, तरी पारोळ्यावरून धुळ्याला येणाऱ्या एस.टी.त बसले.

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, “याच आजाराने गेली असावी. आता सांगता येणार नाही. तुम्हाला कसं कळणार होतं, ताई?”

बाळाचं रक्त मुंबईला पाठवलं. उत्तराची वाट न बघता त्याला सलाईन आणि चमच्याने ग्लुकोजचं पाणी सुरू झालं. माझी छाती फडक्याने आवळून बांधली. वॉर्डात कोणाचंही मूल रडलं की पान्हा फुटायचा आणि फडकं भिजायचं.

शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक बाई तापाने पडली होती. तिला दूध नव्हतं, मुलगी रडून निळी व्हायची. तिच्या मुलीला पाजाल का, असं सिस्टरने मला विचारलं. आत्या घाबरल्या. “नको वं माय, तिले काही व्हई गयं तर?”

मलाही तीच भीती होती. डॉक्टर म्हणाले, “पाजा. माझ्यावर सोडा.”

ती मुलगी हावरटासारखी प्यायली. दुपारभर मी तिच्याकडे बघत बसले. ओकली नाही, शांत झोपली. चार दिवसांत तिचं तोंड भरलं. समोर माझं मूल चमचाभर पाण्यावर होतं.

मुंबईहून आजार पक्का झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी माझं आणि माझ्या नवऱ्याचं लग्नाआधीचं नातं विचारलं. दोष दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय हा आजार होत नाही, आणि एका रक्तात लग्न झालं की ती शक्यता वाढते, असं ते म्हणाले. आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. “मीच तुले लई उनू या घरमा.” भाचीला सून करून त्यांनीच आणलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

दुधाऐवजी पाजायला सोयाबीनच्या पिठाचे डबे मुंबईहून मागवले. तीन आठवड्यांनी पिवळेपणा उतरला. मुलगा जगला. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू राहिला, बोलायला चौथं वर्ष लागलं. शाळेत मागे आहे, पण जातो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तिसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही.

कोणाचं बाळ पिवळं पडून पाजल्यावर ओकत असेल, तर लगेच दवाखाना गाठा, लघवी तपासा. दृष्ट नंतर काढा.

मुलगी आठवते तेव्हा वाटतं, तिला उपाशी ठेवलं असतं तर वाचली असती का? तुझा दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आत्यांनी सांगितलं, यांनीही सांगितलं. सगळं समजतं मला.