आधी विरुद्ध बाजू

नाशिकच्या लॉ कॉलेजात सर आम्हाला घटना शिकवायचे. त्यांचा एक हट्ट असायचा. स्वतःची बाजू मांडायची ती नंतर. आधी विरुद्ध बाजू मांडायची, आणि तीही अशी की समोरच्यानं मान डोलवावी. एकेकाळी ते राज्यात मंत्री होते. मंत्रिमंडळानं घटनेला वळसा घालून एक निर्णय घेतला, तेव्हा राजीनामा दिला आणि सरळ खडू हातात घेतला. लोक त्यांना वेडा म्हणायचे. माझा मात्र त्यांच्यावर भारी जीव.

त्याच सुमारास निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांच्या राखीव जागेवर आई सरपंच झाली होती. निवडून आली आई आणि खुर्चीत बसले दादा, म्हणजे माझे वडील. आई कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि पुढे आलेल्या कागदावर सही करायची. यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं, आईलाही नाही. मग सदस्यांनी तिच्यावर अविश्वास ठराव आणला. वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी तिचा जीव तुटत होता. पद गेलं की टाकी रखडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी आईदादांना घेऊन सरांचं घर गाठलं. म्हटलं, "एक फोन करा, सर. ठरावाची सभा तहसीलदारच बोलावतात, ते तुमचं ऐकतील."

"ऐकतील, म्हणूनच करणार नाही."

माझं डोकं असं तापलं की समोरच्या चहाला हातही लावला नाही. सर आईकडे वळले. "सरपंचबाई, त्या सभेत बोलायचा हक्क कायद्यानं तुम्हाला दिलाय. सांगा, तुमच्या विरुद्ध त्यांचं म्हणणं काय?"

दादा सांगायला लागले. सर शांतपणे म्हणाले, "मी बाईंना विचारलं."

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "ते म्हणतात, सरपंच कोन ते समजत नाय. आन् ते खरं हाय."

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

सभेत आई उभी राहिली. विरोधकांची तक्रार तिनं त्यांच्याहून नीट मांडली. चूक झाली, इथून पुढं खुर्चीत मीच बसेन, असं सांगितलं. तरी ठराव मंजूर झाला. काय लोणचं घालायचंय त्या तत्त्वांचं, असं मी एस.टी.त बसून आईला म्हटलं.

पुढच्या निवडणुकीत ती खुल्या जागेवर उभी राहिली आणि पुन्हा सरपंच झाली. दादा तिला लूनावरून पंचायतीत सोडायचे आणि द्राक्षांच्या बागेत जायचे. टाकी झाली.

काही वर्षांनी सर गेले. नाशिकला शोकसभा झाली, सगळे भरभरून बोलले. आईनंही बोलायला परवानगी मागितली.

"सरांनीच शिकवलं, म्हणून आधी विरुद्ध बोलते," ती म्हणाली. "त्यांनी फोन केला नाय. माझं पद गेलं. वस्तीवरच्या बायांनी पुढचे उन्हाळे डोक्यावर पाणी वाहिलं. हे इथं कुणी बोललं नाय, म्हणून मी बोलले."

ती सरांच्या फोटोकडे वळली.

"आता दुसरी बाजू. फोन केला असता तर पद राहिलं असतं. आन् खुर्चीत आजपन हेच बसले असते."

तिनं पहिल्या रांगेकडे बोट केलं. तिथं बसलेल्या दादांनी मान डोलावली.